तीन अंशांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे. डावा गुडघा, अमळनेरच्या सुगंधाबाईंचा. आता माझ्यात थोडे हाड आहे आणि थोडा धातू आहे. धातू अजून वर्षाचाही झालेला नाही. हाड मात्र बासष्ट वर्षांचे आहे, आणि मी जे सांगणार आहे ते सगळे त्या हाडाने सोसलेले आहे.

माझी घडण पहिल्यापासून जरा वेगळी. सुगंधाबाई लहानपणी चालायला लागल्या तेव्हाच त्यांच्या दोन्ही पायांत बाहेरच्या बाजूला बाक दिसू लागला. घोटे जुळवून त्या उभ्या राहिल्या तर मी आणि माझा उजवा भाऊ एकमेकांना टेकत नसू. आमच्यामधून एखादे लिंबू सहज पलीकडे गेले असते. गल्लीतल्या पोरी त्यांना फेंगडी म्हणत. त्यांच्या आईने वर्षभर रोज तेल चोळून पाय ओढून पाहिले, पण बाक गेला नाही. तो आजार नव्हताच. कुणाचे नाक बसके असते, कुणाचे धारदार असते, तशी आमची ती ठेवण होती. त्याच ठेवणीवर सुगंधाबाई चिंचेच्या झाडावर चढल्या, कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन बांधाबांधाने चालल्या, आणि पळायला लागल्या की त्यांना कुणी गाठत नसे. मी एकदाही कुरकुर केली नाही.

लग्न होऊन त्या अमळनेरला आल्या. त्यांचे यजमान जीवराम, ज्यांना सगळे नाना म्हणतात, तेव्हा तेलाच्या गिरणीत फिटर होते. सासू मांडे करायची. खानदेशातल्या मुलांना मांडा काय असतो हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. पुरण भरलेला कणकेचा गोळा लाटण्याने न लाटता दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. हात जरा चुकला की मांडा फाटतो. खापर कमी तापले तर चिकटतो, जास्त तापले तर करपतो. सासूने दोन वर्षे सुगंधाबाईंना नुसती कणीक तिंबायला लावली आणि मगच खापरासमोर बसू दिले.

तिथून माझे खरे काम सुरू झाले. खापरासमोर त्या डावा पाय पूर्ण दुमडून आणि उजवा उभा करून बसत. लाकूड सारायला पुढे झुकल्या की सगळा भार माझ्यावर येई. लग्नाचे घर असले की चार-चार, पाच-पाच तास ही बैठक चाले. पारोळा, चोपडा, धुळे, सगळीकडून त्यांना बोलावणे येई. लोक त्यांच्या हातांचे कौतुक करत. एका लग्नात नवरदेवाचे आजोबा काठी टेकत चुलीपाशी आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, की ही बाई सकाळपासून जागची हललेली नाही. सगळ्या आयुष्यात माझ्या वाट्याला आलेले कौतुक ते एवढेच. मला ते पुरले.

मित्रांनो, गुडघ्यात दोन हाडे समोरासमोर येतात. वर मांडीचे, खाली नडगीचे. दोघांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते, म्हणून ती एकमेकांवर घासत नाहीत. माझा बाक बाहेरच्या अंगाला असल्यामुळे माझ्या आतल्या बाजूच्या गादीवर जास्त दाब येत असे. पन्नाशी ओलांडली तशी ती गादी झिजू लागली. आधी फक्त उठताना दुखे, मग जिना उतरताना, मग अंथरुणावर कूस बदलतानाही. गादी झिजली तसा बाक वाढला, आणि बाक वाढला तशी गादी आणखी वेगाने झिजली. शेवटी आत हाडावर हाड आले.

मी कळा देऊन सांगत होतो. मला दुसरी भाषा येत नाही. सुगंधाबाईंना ती कळत होती, पण त्यांनी घरात कुणाला कळू दिले नाही. तव्यावर गरम केलेल्या वाळूची पुरचुंडी करून त्या शेक घेत. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून पिठाच्या डब्यामागे ठेवत. नानांनी विचारले तर म्हणत, बसून पायाला मुंग्या आल्या. नाना आयुष्यभर यंत्रांच्या आवाजावरून बिघाड ओळखत आले, पण बायकोने सांगितलेले त्यांनी खरे मानले. मुलगा ललित नोकरीला सुरतेत, पंधरा दिवसांनी येई. सून भाविका शाळेत लिपिक, सकाळीच बाहेर पडे. सुगंधाबाईंना एकच भीती होती. दुखते म्हटले तर खापर सुटेल.

मग गेल्या हिवाळ्यात धुळ्याचे ते लग्न आले. भाविकाच्या चुलतबहिणीचे. त्यामुळे नाही म्हणणे शक्यच नव्हते. मंडपामागे चार चुली मांडल्या होत्या. सुगंधाबाई मधल्या एका खापरापुढे बसल्या आणि भाविका त्यांना पुरणाचे गोळे करून देऊ लागली. तीन तास झाले. मी आतून पेटलो होतो. लाकडे संपत आली म्हणून सुगंधाबाई ती घ्यायला उठू लागल्या. अर्ध्यावर आल्या आणि मी अडकलो. मला सरळही होता येईना, वाकताही येईना. त्या तोल जाऊन थेट चुलीकडे झुकल्या.

तो क्षण मी विसरणार नाही. भाविकाने हातातले पुरण टाकले आणि त्यांचा पदर कमरेपाशी धरून मागे ओढले. तरी डावा हात खापराला लागला. खापर घसरले, फुटले, जळते लाकूड बाहेर येऊन गव्हाच्या रिकाम्या पोत्यांवर पडले. पोत्यांच्या वर मंडपाचे कापड होते. एका बाईने कणकेची परात उपडी करून त्या लाकडावर दाबली, दुसरीने पाण्याची घागर ओतली. धूर झाला आणि विझले. पलीकडे वाजंत्री वाजत होती, पाहुण्यांना काही कळलेही नाही. सुगंधाबाई जमिनीवर बसून होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल झाली होती. तशातही त्या पहिल्यांदा हेच म्हणाल्या, की कुणाला सांगू नका.

भाविकाने त्यांना घरात नेले, हातावर गार पाणी धरले, आणि मग काही न विचारता लुगडे गुडघ्यापर्यंत वर सारले. मी तिला पहिल्यांदा दिसलो. सुजलेला, एका अंगाला कललेला, आतल्या बाजूने गाठाळलेला. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत रजा कळवली आणि नानांना घेऊन सासूला जळगावला आणले.

तिथल्या इस्पितळात डॉ. हसीब तडवी होते. मूळचे सावद्याचे. त्यांचे वडील केळीच्या गाड्या भरत, आणि डॉक्टरांना झिजलेले गुडघे पहिल्यांदा दिसले ते वडिलांसोबतच्या हमालांचे. त्यांनी सुगंधाबाईंना उभे करून कमरेपासून घोट्यापर्यंत एक लांबलचक एक्स-रे काढला. काचेवर तो लावून त्यांनी खुब्यापासून घोट्यापर्यंत एक रेघ ओढली. ती रेघ माझ्या मधून जायला हवी होती. ती मला सोडून आतल्या बाजूने, हवेतूनच गेली. डॉक्टर म्हणाले की गुडघा अकरा अंश वाकला आहे, गादी उरलेली नाही, आता गोळ्यांनी भागणार नाही. आतली झिजलेली टोके काढून तिथे धातूची टोपी बसवावी लागेल आणि पाय सरळ करावा लागेल.

सरळ हा शब्द ऐकला आणि सुगंधाबाईंनी घाबरून एक हात माझ्यावर ठेवला. कारण होते बेबाबाई. नानांची थोरली बहीण, धुळ्याला राहणारी. दहा वर्षांपूर्वी दूरच्या एका शहरात त्यांचा गुडघा बदलला होता. पाय पट्टीसारखा सरळ झाला. जखम भरली, एक्स-रे चांगला आला, सगळ्यांनी अभिनंदन केले. पण बेबाबाई त्या दिवसापासून म्हणत आल्या की हा पाय दुसऱ्या कुणाचा तरी आहे. आत सतत काहीतरी ओढून धरल्यासारखे वाटते. त्यांनी अंगणाच्या पलीकडे जाणेच सोडले होते.

सुगंधाबाईंनी हे सगळे डॉक्टरांना सांगितले. एरवी त्या डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसणाऱ्या बाई. पण त्या दिवशी त्या गावाकडच्या बोलीत, सावकाश, त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "हाऊ पाय मना शे, भाऊ. पयलेपाईन असाच वाकडा शे. माले सरळ पाय नको, मना पाय जोयजे."

मला सरळ पाय नको, माझाच पाय हवा, असे त्यांचे म्हणणे. भाविका चपापली. डॉक्टरांना राग येईल असे तिला वाटले. पण डॉक्टरांनी विचारले की लहानपणीही असाच होता का. सुगंधाबाईंनी लिंबाएवढ्या फटीचे आणि पोरींच्या चिडवण्याचे सांगितले. डॉक्टर उठून पुन्हा एक्स-रेपाशी गेले. या वेळी त्यांनी पूर्ण पायाची रेघ सोडून दिली. मांडीच्या हाडाचा उतार वेगळा मोजला, नडगीच्या हाडाचा वेगळा मोजला. माझ्या उजव्या भावाचाही मोजला, तो माझ्याइतका झिजलेला नव्हता. दोघांचे आकडे जवळजवळ सारखे आले.

मग त्यांनी नीट समजावले. सगळ्यांचे गुडघे एका साच्याचे नसतात. काहींचे बाहेर झुकलेले, काहींचे आत झुकलेले, काहींचे सरळ, आणि सांध्याची रेघही कुणाची तिरपी तर कुणाची आडवी. डॉक्टर लोकांनी त्याचे नऊ प्रकार पाडले आहेत. माझ्या अकरा अंशांत दोन हिस्से होते. तीन अंश माझ्या हाडांच्या मूळ ठेवणीचे, आठ अंश झिजेचे. बेबाबाईंच्या त्रासाचे कारण हेच असेल असे न बघता सांगता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

"अक्का," ते म्हणाले, "तुमचे तीन अंश तुमच्याकडे ठेवायचा माझा प्रयत्न राहील. आजाराचे आठ काढतो. पण आत गेल्यावर तुमच्या पायाने वेगळं काही दाखवलं, तर मी पायाचं ऐकेन."

त्यांच्याकडे एक यंत्र होते. लोक त्याला रोबो म्हणतात. मुलांनो, चित्रात असतो तसा माणसासारखा रोबो डोळ्यांपुढे आणू नका. तो एक जाडजूड हात होता, टोकाला करवत लावलेला. आधी माझे स्कॅन काढून त्याला माझा नकाशा दिला जातो. डॉक्टर त्यावर कुठे किती कापायचे ते ठरवतात. कापताना करवत डॉक्टरांच्याच हातात असते. यंत्राचे काम एवढेच, की ठरवलेल्या हद्दीबाहेर ते करवतीला जाऊ देत नाही. वीज गेली तर काय, हे भाविकाने विचारले. नानांचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी विचारले की यंत्राला हाडाची जागा कळते कशी. डॉक्टर म्हणाले, हाडात दोन खिळे बसवून त्यांवर चकाकणाऱ्या गोळ्या लावतात, कॅमेरा त्या गोळ्या बघतो. नानांनी लगेच विचारले, आणि खिळा ढिला झाला तर?

असा प्रश्न डॉक्टरांना पेशंटच्या घरून कुणी विचारला नसावा. ते म्हणाले की म्हणूनच दर वेळी कापण्याआधी तपासायचे, आणि जुळले नाही तर थांबायचे.

शस्त्रक्रियेचा दिवस सकाळी सुरू झाला. पाठीत इंजेक्शन देऊन सुगंधाबाईंचा कमरेखालचा भाग बधिर केला होता. त्या जाग्या होत्या, जराशा गुंगीत. छातीपाशी हिरवा पडदा धरला होता. पडद्यापलीकडे त्यांचा चेहरा, अलीकडे मी. आयुष्यात पहिल्यांदाच माझी कळ त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

मांडीवर पट्टा आवळला. रक्त थांबले. मला उघडले. बासष्ट वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. मांडीच्या हाडात खिळे गेले, नडगीच्या हाडात खिळे गेले, त्यांवर गोळ्या बसल्या. डॉक्टरांनी एका टोकदार दांडीने माझ्यावर जागोजागी टेकवून यंत्राला माझी ओळख करून दिली. मग मला वाकवून, सरळ करून, आतून बाहेरून दाबून पाहिले. पडद्यावर आकडे उमटले. पाय पूर्ण सरळ ठेवायचा तर आतल्या बाजूचा, हाडांना जोडणारा बंध ताणलेला राहत होता, तो कापून सैल करावा लागला असता. तीन अंशांवर दोन्ही बाजू सारख्या येत होत्या. हाताखालचा तरुण डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाला की सर, एक्स-रेत तिरकं दिसेल, लोक विचारतील. डॉक्टर हसीब म्हणाले की विचारू देत. त्यांनी आकडा तीनवर कायम केला.

करवत सुरू झाली. मांडीच्या हाडाची झिजलेली टोके ठरल्याप्रमाणे निघाली. आता मागे फिरणे नव्हते. मग नडगीच्या हाडाची पाळी आली. कापण्याआधी डॉक्टरांनी तपासायची दांडी खुणेच्या जागेवर टेकवली.

आकडा जुळला नाही.

त्यांनी पुन्हा टेकवली. अडीच मिलिमीटरचा फरक. अडीच मिलिमीटर म्हणजे पट्टीवरच्या अडीच बारीक रेघा, पण गुडघ्यात तेवढ्याने पाय कायमचा लंगडा होऊ शकतो. यंत्र सांभाळणारा माणूस म्हणाला की कॅमेऱ्याचा कोन बदलून बघू. बदलला. तोच फरक. डॉक्टरांनी खिळ्यांना बोट लावले आणि मला कळले. माझे हाड वयाने पोकळ झाले होते, आणि त्यात खिळा हलत होता. नकाशा बरोबर होता, यंत्र बरोबर होते, डॉक्टर बरोबर होते. मीच खिळा धरून ठेवू शकलो नव्हतो. मंडपातल्यासारखेच, ऐन वेळी.

तरुण डॉक्टरने घड्याळाकडे पाहिले. पट्टा आवळून पाऊण तास होऊन गेला होता, तो फार वेळ ठेवता येत नाही. त्याने सुचवले की अंदाजाने फरक धरून पुढे जाता येईल. डॉक्टर हसीब यांनी मान हलवली आणि करवत खाली ठेवली. नर्सला त्यांनी जुन्या हत्यारांचा डबा उघडून ठेवायला सांगितले. दुसऱ्यांदाही जुळले नाही, तर यंत्र बाजूला सारून, पूर्वी करत तसे, सळईने आणि डोळ्याने मोजून पुढे जायचे.

करवतीचा आवाज थांबला की पडद्यापलीकडे सगळे ऐकू जाते. सुगंधाबाईंनी विचारले, काय झाले. नर्स म्हणाली, काही नाही, मावशी. पण डॉक्टरांनी तिला थांबवले. ते पडद्याच्या वरून वाकून म्हणाले, "अक्का, यंत्राला तुमच्या हाडाची जागा नीट कळत नाहीये. मी थांबलोय. परत पहिल्यापासून ओळख करून देणार आहे. वेळ लागेल."

सुगंधाबाई म्हणाल्या, "थांबा तुम्ही. माले घाई नही शे."

डॉक्टरांनी जुने खिळे काढले. घोट्याच्या दिशेने चार बोटे खाली, जिथे माझ्या नडगीचे हाड अजून घट्ट होते, तिथे नवे खिळे बसवले. या वेळी प्रत्येक खिळा हाताने हलवून पाहिला. मग ती दांडी पुन्हा टेकू लागली. एक जागा, दुसरी जागा, तिसरी. मी जीव मुठीत धरून होतो. मला मूठ नाही, पण माझी अवस्था तीच होती. चाळीसेक जागा झाल्या. घड्याळ पुढे सरकत होते. बाहेर बाकावर भाविका आणि नाना बसले होते, त्यांना सांगितलेली वेळ उलटून गेली होती. नानांनी एकामागोमाग तीनदा उठून दाराची काच पाहिली, असे भाविकाने नंतर सांगितले.

तपासणीची दांडी खुणेवर टेकली. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. डॉक्टरांनी आणखी एकदा टेकवली. तोच आकडा. तरीही त्यांनी जुन्या डब्यातली साधी सळई मागितली, माझ्यावरून घोट्यापर्यंत धरली आणि एक डोळा मिटून पाहिले. मगच करवत उचलली.

पुढचे सगळे ठरल्यासारखे झाले. धातूची टोपी बसली, खाली धातूची तबकडी, मधे गुळगुळीत प्लास्टिकची नवी गादी. पट्टा सोडला. माझ्यात पुन्हा रक्त आले. मला वाकवून सरळ केले तेव्हा आतून कुठेही ओढ लागली नाही.

आता सगळे सुरळीत झाले असेल असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. गुडघा बदलला तरी बाईंचा स्वभाव बदलला नव्हता. चालणे आणि वाकवणे शिकवायला तहरीम नावाची मुलगी येई. ती रोज विचारी, दुखते का. सुगंधाबाई रोज सांगत, नाही. आणि तिची पाठ वळली की मला उशीवर ठेवून तासनतास हलत नसत. मी सुजत गेलो. आठव्या दिवशी तहरीमने कोनमापक लावला. मी पंचावन्न अंशांपुढे वाकत नव्हतो. एवढ्या दिवसांत याहून बरेच पुढे जायला हवे होते. असाच आखडत गेलो असतो तर भूल देऊन जबरदस्तीने वाकवावे लागले असते, आणि डॉक्टरांची ती सगळी मेहनत वाया गेली असती.

तहरीम रागावली नाही. ती खाली फरशीवर, माझ्या समोर बसली. म्हणाली, "मावशी, दुखतंय हे कळलं तरच मला ठरवता येतं, कुठे थांबायचं आणि कुठे पुढे न्यायचं. तुम्ही सांगतच नाही. मग मी अंधारात काम करते."

सुगंधाबाईंनी भिंतीकडे तोंड केले. "दुखस," त्या म्हणाल्या. "भलतं दुखस."

दुखणे सुरू झाल्यापासूनच्या आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे मोठ्याने म्हटले होते. दारात नाना उभे होते. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि तिथेच बसून राहिले. त्या दिवशी औषधाची मात्रा बदलली. व्यायामाच्या आधी अर्धा तास गोळी, नंतर बर्फ. दुखले की सुगंधाबाई सांगत, तहरीम थांबे, मग पुन्हा एक अंश पुढे. सहाव्या आठवड्यात मी एकशे दहापर्यंत वाकलो.

एक गोष्ट मात्र कायमची गेली. जमिनीवर बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यावर सुगंधाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. नानांनी समजूत घातली नाही. त्यांनी भंगारातून लोखंडी कोन आणले, आणि गिरणी सुटल्यावर कित्येक वर्षांनी हातात वेल्डिंगची कांडी धरून, सुगंधाबाईंच्या कमरेइतक्या उंचीचा घोडा, म्हणजे चूल ठेवायची चौकट, केला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यावर खापर चढले. पहिले दोन मांडे फाटले, कारण उभ्याने हातांचा झोक बदलतो. तिसरा अर्धाच फाटला. चौथा अख्खा उतरला. त्या दिवशी त्यांनी अकराच मांडे केले, दर तीन मांड्यांनंतर मागच्या स्टुलावर बसून. पूर्वी त्या शंभर करत. त्याचे त्यांना वाईट वाटते, आणि ते त्या आता लपवत नाहीत.

माझा पाय आजही किंचित वाकडा पडतो. रस्त्याने जाताना कुणी म्हणते, एवढे ऑपरेशन करून पाय सरळ नाही केला का. सुगंधाबाई पुढे चालत राहतात.

मागच्या महिन्यातली गोष्ट सांगून थांबतो. संध्याकाळी भाविका गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली येत होती. सुगंधाबाई पायऱ्यांशी उभ्या होत्या. भाविका कठड्याला धरून, एका अंगावर, एकेक पायरी उतरत होती. तिचे गुडघे आमच्या उलट ठेवणीचे, आत झुकलेले. वय चौतीस.

"कितला दिन व्हयनात?" सुगंधाबाईंनी विचारले. किती दिवस झाले?

भाविका हसली आणि कपडे सावरत म्हणाली, की काही नाही आई, शाळेत जिने जास्त होतात ना.

सुगंधाबाईंनी तिच्या हातातले कपडे घेतले आणि खाटेवर टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या तिला घेऊन जळगावला गेल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितले की गादी अजून चांगली आहे, मांडीचे स्नायू कमजोर झालेत, कापाकापीची काही गरज नाही. व्यायाम लिहून दिला. तो भाविका रोज संध्याकाळी करते, आणि तो होईपर्यंत सुगंधाबाई समोरच्या खुर्चीतून उठत नाहीत.

मित्रांनो, आम्ही गुडघे बोलू शकत नाही. आणि ज्यांचे आम्ही असतो, त्यांनाही बऱ्याचदा बोलता येत नाही. आज घरी गेलात की आपली आई, आजी, मावशी जमिनीवरून कशी उठते ते नीट बघा. उठताना हात कशावर टेकते ते बघा. मग तिला विचारा. काही नाही म्हणाली, तर लगेच खेळायला जाऊ नका. तिथेच बसून राहा, आणि पुन्हा विचारा.